पलीकडच्या माणसाचा आवाज

बॉब न्यूहार्ट हे अमेरिकन विनोदवीर जुलै २०२४ मध्ये, वयाच्या ९४ व्या वर्षी निवर्तले. त्या निमित्ताने त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका, 'द बटन-डाउन माइंड ऑफ बॉब न्यूहार्ट', आम्ही पुन्हा ऐकली. फेब्रुवारी १९६० मध्ये टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात, टाइडलँड्स नावाच्या ठिकाणी श्रोत्यांसमोर ती मुद्रित झाली. शिकागोकडचा हा माणूस पेशाने हिशेबनीस. नाइट क्लबच्या मंचावर तो यापूर्वी कधी उभा राहिलेला नव्हता. पण ही तबकडी अमेरिकेच्या 'बिलबोर्ड' यादीत पहिल्या क्रमांकावर गेली आणि वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक तिला मिळाले. गाण्याबजावण्याच्या तबकड्यांना मागे टाकून निव्वळ बोलण्याने हे साधले.

न्यूहार्ट यांची युक्ती वरवर साधी आहे. मंचावरचा माणूस फोनवर बोलतो आहे. पलीकडचे काही ऐकू येत नाही. तो ऐकतो, अडखळतो, चाचरत उत्तर देतो, आणि त्या उत्तरावरून पलीकडे काय म्हटले गेले असेल ते आपण ओळखायचे. पु. ल. देशपांडे यांनी एकट्याने अख्खी चाळ उभी केली, ती प्रत्येकाचा आवाज काढून. इथे दुसऱ्याचा आवाज काढलाच जात नाही. मुशायऱ्यात शायर मिसरा पुन्हा म्हणतो, तोवर श्रोत्याला काफिया उमगलेला असतो आणि दाद आधीच ओठांवर येते. या हशाची जात तीच. विनोदाचा शेवटचा शब्द श्रोत्याच्या डोक्यात उमटतो. म्हणूनच तो पासष्ट वर्षांनंतरही शिळा वाटत नाही. (बायकांच्या मोटार चालवण्यावरचा प्रवेश मात्र आता शिळा वाटतो. त्यातही बिचाऱ्या शिक्षकाचा संयम ऐकण्यासारखा आहे.)

सर्वांत गाजला तो लिंकनचा प्रवेश. जाहिरातबाजीच्या जगातला एक प्रसिद्धी-सल्लागार गेटिसबर्गच्या भाषणाआधी अब्राहम लिंकनला फोन करतो. भाषणातले शब्द बदलू नका, दाढी काढू नका, अशी त्याची विनवणी चालू असते. थोर पुरुष हा बाजारात उभा केलेला माल, हा टोला नेमका बसतो. आज निवडणुकीतला प्रत्येक चेहरा कुणाच्या ना कुणाच्या सल्ल्याने घडवलेला असतो, तेव्हा तो अधिकच बसतो.

इथेच आम्हाला अडखळायला होते. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या खानावळीच्या काउंटरवर जाऊन बसले. ही तबकडी मुद्रित झाली ती त्याच महिन्यात. ४ मार्चला खुद्द ह्यूस्टनमध्ये टेक्सास सदर्न विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी तसेच धरणे धरले. लिंकनचे नाव घेऊन सभागृह हसत होते आणि लिंकनचे राहिलेले काम त्याच शहराच्या रस्त्यावर यायच्या बेतात होते. विनोदाचा रोख जाहिरातबाजीवर आहे, गुलामगिरीवर नाही.

याबद्दल न्यूहार्ट यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करावे असे आम्हाला वाटत नाही. कुणाच्या जातीवर, धर्मावर, रंगावर हसण्याचा सोपा मार्ग त्यांनी धरला नाही, हे अल्पसंख्याक वाचक म्हणून आम्ही मोलाचे मानतो. विनोदाच्या नावाखाली आपली बोली, आपले पेहराव किती स्वस्तात वापरले जातात हे आपण जाणतो. पण फोनच्या पलीकडे कोण असू शकतो, याची त्यांची कल्पना प्रसिद्ध पुरुष, साहेब आणि कारकून यांच्यापलीकडे फारशी जात नाही. निरुपद्रवी विनोदाला ही किंमत मोजावी लागते. जे ऐकू येत नाही ते श्रोता आपल्याच अनुभवातून भरतो, आणि त्या श्रोत्याच्या अनुभवात नसलेला माणूस पलीकडेही उभा राहत नाही.

तो माणूस मंचावर आला तो अलीकडच्या बाजूने. जानेवारी १९६१ मध्ये न्यूहार्ट यांच्याच शिकागोत, प्लेबॉय क्लबमध्ये, डिक ग्रेगरी हा कृष्णवर्णीय विनोदवीर दक्षिणेकडून आलेल्या गोऱ्या व्यापारी मंडळींसमोर उभा राहिला, रंगभेदावरच बोलला, आणि ती मंडळी हसली.