नळी घालावी की वाट पाहावी?

धडधाकट तरुणाच्या छातीत, फुप्फुसाबाहेर एकाएकी हवा साठते आणि फुप्फुस आक्रसते. नळी घालून ती हवा काढायची, ही रूढ रीत. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील ३१६ रुग्णांवरील, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने या रीतीलाच प्रश्न विचारला. वर्षभरात दुखणे उलटले ते हवा काढलेल्यांपैकी सुमारे १७ टक्क्यांचे. देखरेखीखाली ठेवून गरजेपुरतीच नळी घातलेल्या गटात मात्र सुमारे ९ टक्क्यांचे! पण काही रुग्णांची माहिती हाती आली नाही. त्या सर्वांना 'बरे न झालेले' धरले, तर आठ आठवड्यांत फुप्फुस पूर्ववत होते, हा मुख्य निष्कर्षच डळमळतो. संशोधकांनी हे स्वतःच मांडले, याचे आम्हाला मोल वाटते. टक्केवारी शिकवताना 'मोजणीतून सुटले किती?' हेही मुलांना विचारून पाहावे.