घोषणात्मक इंटरफेस-लेखन आणि यादीचा उपसंच : क्यूएमएल भाषेची एक चिकित्सा

प्रस्तावना :

संगणकाच्या पडद्यावरील इंटरफेस दोन पद्धतींनी लिहिता येतो. पहिल्या पद्धतीत प्रत्येक कृती क्रमाने सांगावी लागते. दुसरीत पडद्यावर काय असावे एवढेच घोषित केले जाते व ते कसे घडवावे हे प्रणालीवर सोपविले जाते. २०१० साली क्यूटीच्या ४.७ या आवृत्तीबरोबर आलेली क्यूएमएल ही भाषा दुसऱ्या, म्हणजे घोषणात्मक पद्धतीची होय. संपूर्ण यादीतील निवडक नोंदीच दाखविणे ही नित्याची गरज. या गरजेच्या निकषावर क्यूएमएलचा घोषणात्मकतेचा दावा कितपत टिकतो, हे प्रस्तुत लेखात तपासले आहे.

विवेचन :

समजा, वर्गात ६० विद्यार्थी असून शुल्क थकीत असलेल्या १२ जणांचीच यादी हवी आहे. एसक्यूएलमध्ये अशी अट एका वाक्यात सांगता येते. १९७० साली ई. एफ. कॉड यांनी मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानाचा हा वारसा आहे. क्यूएमएलमध्ये माहिती मॉडेलमध्ये असते, लिस्टव्ह्यू ती मांडतो आणि प्रत्येक ओळीचे रूप डेलिगेट ठरवितो. परंतु मूळ लिस्टमॉडेल वा लिस्टव्ह्यू यांत अट सांगण्याची सोयच नाही. ही उणीव भरून काढण्याचे तीन मार्ग रूढ झाले.

पहिला मार्ग म्हणजे नको असलेल्या ओळी डेलिगेटमध्येच अदृश्य करून त्यांची उंची शून्य करणे. तो सोपा दिसतो, पण सदोष आहे. लिस्टव्ह्यूच्या लेखी ओळी ६०च राहतात, दोन ओळींमधील अंतर शिल्लक उरते आणि कळफलकाने खाली सरकताना निवड न दिसणाऱ्या ओळीवर जाते. येथे उपसंच निर्माण होत नाही. केवळ त्याचा आभास होतो.

दुसरा मार्ग जावास्क्रिप्टच्या सारणीतून गाळणी करण्याचा. तो दिसण्यात घोषणात्मक आहे. मात्र एक नोंद बदलली तरी नवी सारणी तयार होते, सर्व ओळी नव्याने बांधल्या जातात आणि वाचकाचे यादीतील स्थान हरवते.

तिसरा मार्ग डेलिगेटमॉडेलमधील गटांचा. कोणता गट दाखवावा हे येथे घोषित करता येते, पण कोणती नोंद त्या गटात जावी हे आवर्तन लिहून, क्रमाने सांगावे लागते. माहिती बदलली की तेच काम पुन्हा करावे लागते. अर्थात, घोषणा निष्कर्षाची आणि कष्ट मात्र जुनेच.

योग्य उत्तर सी प्लस प्लसमध्ये आधीपासून उपलब्ध होते. क्यूसॉर्टफिल्टरप्रॉक्सीमॉडेल हे मॉडेल आणि दृश्य यांच्यामध्ये उभे राहते व अटीत बसणाऱ्या ओळीच पुढे पाठविते. तथापि, केवळ क्यूएमएल जाणणाऱ्यास ते सहज हाती येत नव्हते. २०२५ मधील ६.१० या आवृत्तीत सॉर्टफिल्टरप्रॉक्सीमॉडेल क्यूएमएलमध्येच घोषित करण्याची सोय झाली, तीही प्राथमिक स्वरूपात. इतक्या मूलभूत गरजेस पंधरा वर्षे लागावीत, ही रचनेतील गंभीर उणीव मानावी लागेल.

या सोयीनंतरही एक धोका उरतो. उपसंचातील तिसरी ओळ मूळ यादीत सतरावी असू शकते. पडद्यावरील क्रमांक तसाच मूळ मॉडेलकडे पाठवून नोंद काढून टाकली, तर भलत्याच विद्यार्थ्याची नोंद नष्ट होते आणि चुकीची सूचनाही मिळत नाही. म्हणून क्रमांकाचे मूळ यादीत रूपांतर करणे, अथवा प्रवेश क्रमांकासारखी स्थिर ओळख वापरणे अनिवार्य ठरते.

निष्कर्ष :

नोंदींची निवड हे डेलिगेटचे काम नव्हे. ते मॉडेल व दृश्य यांमधील स्वतंत्र स्तराचे काम आहे. क्यूएमएलने रूप, मांडणी आणि हालचाल यांची घोषणा सुलभ केली. निवडीची घोषणा मात्र दीर्घकाळ लेखकावर टाकली. अध्यापनातही अदृश्य करण्याची सोपी युक्ती आधी शिकविण्याऐवजी मध्यस्थ मॉडेलची संकल्पना आधी शिकविणे अधिक हितकारक ठरेल, असे प्रस्तुत लेखकास वाटते.