जॉर्ज जिवाजीराव माधवराव शिंदे

ग्वाल्हेर संस्थानच्या शेवटच्या सत्ताधारी महाराजांचे हे नाव. जन्म 26 जून 1916, नवव्या वर्षाच्या आतबाहेर गादी, आणि 16 जुलै 1961 रोजी मृत्यू. इतिहासाच्या पुस्तकात हे नाव येते तेव्हा वाचणारा पहिल्या शब्दाशी क्षणभर अडखळतो, मनात हसतो आणि पुढे जातो. मराठा सरदाराच्या घरात जॉर्ज कुठून आला? उत्तर एका वाक्यात देता येते: इंग्लंडच्या पंचम जॉर्जच्या नावावरून. पण नाव हाही एक मजकूर असतो. त्याला कर्ता असतो, काळ असतो, लय असते, कधीकधी न कळत साधलेला श्लेषही असतो. चांगली कविता आपण जशी थांबून वाचतो, तसे हे चार शब्द वाचून पाहावेत. मराठी नाव उजवीकडून वाचले तर घराणे आधी भेटते आणि माणूस नंतर, म्हणून सुरुवात शेवटच्या शब्दापासून.

शिंदे. साताऱ्याकडच्या कोरेगाव तालुक्यातले कण्हेरखेड हे यांचे मूळ गाव, आणि पाटीलकी हे मूळ वतन. राणोजींपासून घराणे माळव्यात उतरले. त्यांच्या मुलांची नावे मोठ्याने म्हणून पाहा: जयाप्पा, दत्ताजी, जोतिबा, तुकोजी, महादजी. सगळी देवळातली आणि शिवारातली नावे. कुलदैवत ज्योतिबा, म्हणून एक मुलगा थेट जोतिबाच. यांपैकी कोणत्याही नावात राजेपणाचा आव नाही. महादजी तर दिल्लीच्या बादशहाला हाताशी धरून उत्तरेचा कारभार हाकत होते, तरी स्वतःला पाटील म्हणवून घेण्यातच त्यांना गोडी. पुढे इंग्रजांच्या कागदांत शिंद्यांचे स्पेलिंग बदलले, ते स्पेलिंग हिंदीने परत उचलले, आणि आज ग्वाल्हेरात ‘सिंधिया’ म्हटल्याशिवाय कोणाला कळत नाही. घरचे आडनाव परदेशी जाऊन, कपडे बदलून घरी आले.

माधवराव हा दुसरा शब्द. तो वडिलांचा, आणि या घराण्यात साधा नाही. शिंद्यांच्या घरी नाव हे पुष्कळदा अंगरख्यासारखे वारशाने चढवले गेले. 1827 साली महादजींचे वारस दौलतराव वारले, पोटी वारस नव्हता. त्यांच्या विधवा बायजाबाईंनी भाऊबंदातला मुगुटराव नावाचा मुलगा दत्तक घेतला, आणि गादीवर बसताना तो जनकोजी झाला. 1843 मध्ये हे जनकोजीही निपुत्रिक गेले. त्यांच्या कोवळ्या वयाच्या विधवा ताराबाईंनी भगीरथराव नावाच्या मुलाला मांडीवर घेतले, तो जयाजीराव झाला. ही नावे कुठली? पहिले जनकोजी 1761 च्या पानिपतात गेलेले, आणि त्यांचे वडील जयाप्पा 1755 मध्ये नागोरला मारेकऱ्यांच्या हातून पडलेले. लढाईत आणि दग्याने गेलेल्यांची नावे दत्तक मुलांना देऊन घराण्याने रक्ताची तूट शब्दांनी भरून काढली. जन्माचे नाव मुलाचे असते, गादीचे नाव घराण्याचे असते, हा इथला नियम.

जयाजीरावांना 1876 मध्ये मुलगा झाला तो माधवराव. इथे एक मौज आहे. महादजी म्हणजे महादेव, माधव म्हणजे विष्णू, दोन्ही नावांचा अर्थाने काही संबंध नाही. पण इंग्रजी लेखकांनी महादजींनाच कधीकधी माधवराव करून टाकले होते. कीन यांनी 1891 साली महादजींचे जे इंग्रजी चरित्र लिहिले, त्याच्या शीर्षकातच ‘माधवराव सिंधिया’ आहे. म्हणजे इंग्रजी पुस्तके वाचणाऱ्याला हा माधवराव दुसरा वाटावा, आणि मराठी बखर वाचणाऱ्याला पहिला.

आता तिसरा शब्द, या मजकुराचा गाभा: जिवाजी. हे नाव आज कोणी ठेवत नाही. पूर्वीही ते शिवाजी, संभाजी, तानाजी यांच्याइतके घरोघरचे नव्हते. पण जिथे आले तिथे मोक्याच्या जागी आले. प्रतापगडाच्या पायथ्याशी 10 नोव्हेंबर 1659 रोजी सय्यद बंडाचा वार अडवणारा जिवा महाला हा या नावाचा सर्वांत थोर धनी. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण शाळकरी पोरालाही पाठ असते. दुसरा धनी तर शिंद्यांच्याच पदरचा: जिवबादादा बक्षी, गोव्यातल्या पेडणे महालाकडचे केरकर. महादजींच्या पश्चात 1795 मध्ये खर्ड्याच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेची धुरा त्यांच्यावर होती. जिवा महाला असो की जिवबादादा, दुसऱ्याच्या रक्षणाला उभा राहिलेला माणूस असा या नावाला एक वास आहे. शिवाजी हे नाव सिंहासनावर बसते, जिवाजी त्याच्या शेजारी तलवार घेऊन उभे राहते.

आणि दोघांत फरक तो केवढा? एका अक्षराचा. शिवाजी, जिवाजी. दोन्ही लघु-गुरु-गुरु, वृत्तशास्त्रातला यगण. हा गण मराठी कानाला उभारीचा वाटतो, कारण पहिले अक्षर पटकन सोडून जीभ दोन दीर्घांवर चढते. त्यापुढे ‘राव’ लागला की चढण संपून पायरी येते, आणि नाव थांबते. ‘जिवाजीराव’ ही हाक वाड्याच्या चौकात घुमायला उत्तम.

त्यातला ‘जि’ ऱ्हस्व आहे, त्याला कारण मराठीचा स्वभाव. मूळ शब्द जीव, पण पुढे काही जोडले की आपण जिवाचा, जिवाला, जिवलग असा तो आखडता घेतो. हिंदीला ही सवय नाही. म्हणून ग्वाल्हेरच्या विद्यापीठाच्या फलकावर ‘जीवाजी’ असे दीर्घ आहे, आणि एका मात्रेने यगणाचा मगण झाला: गुरु, गुरु, गुरु. उभारी गेली, भारदस्तपणा आला. शिवाय हिंदी कानाला शेवटचा ‘जी’ हा आदरार्थी वाटतो. मराठीत तो आदराचा राहिलेला नाही, नावाच्या हाडामांसाचा भाग झाला आहे. म्हणून तर आपण ‘शिवाजीराव’ म्हणतो आणि आदर वेगळा जोडतो. माणूस तोच, नाव तेच, पण मराठी तोंडात तो जिवाचा सोबती होतो आणि हिंदी तोंडात जीवा नावाचा कोणी आदरणीय गृहस्थ.

जिवाजी हे नाव माधवरावांनी का निवडले असावे, याचा एक धागा आवाजात सापडतो. आजोबा जयाजीराव. ग्वाल्हेरच्या बोलीत जयाजीचे जियाजी होते. 1921 मध्ये बिर्लांनी इथे काढलेली कापडगिरणीसुद्धा जियाजीराव कॉटन मिल्स. जयाजी, जियाजी, जिवाजी असे एकापाठोपाठ म्हटले की नातवाचे नाव आजोबांच्या नावाला किती चिकटून बसले आहे ते जाणवते. आजोबांचे नाव नातवाला देण्याची आपली रीत इथे थोड्या वळणाने पाळलेली दिसते. पुढच्या पिढीत तर ती सरळच पाळली गेली. जिवाजीरावांचा 1945 साली जन्मलेला मुलगा पुन्हा माधवराव.

उरला पहिला शब्द. जॉर्ज.

तो कोणासाठी लिहिला गेला हे वर्षावरून कळते. 1905 च्या डिसेंबरात युवराज जॉर्ज आणि युवराज्ञी मेरी ग्वाल्हेरला पाहुणे म्हणून येऊन गेले होते. 1914 मध्ये महायुद्ध पेटले, तेव्हा जखमींसाठी एक इस्पितळजहाज सज्ज करण्यात माधवरावांनी पुढाकार घेतला. त्या जहाजाचे नाव ‘लॉयल्टी’, म्हणजे राजनिष्ठा. मुलीच्या नावाला मेरी जोडले, मेरी कमलाराजे. मग 1916 मध्ये, ऐन युद्धात, मुलगा झाला आणि जॉर्ज आला. जहाजाचे नाव, मुलीचे नाव, मुलाचे नाव ही एकाच हाताची अक्षरे आहेत. ज्याच्या छत्राखाली राहायचे त्याचे नाव मुलाच्या कपाळी लावायचे, ही मुत्सद्देगिरी संस्थानी हिंदुस्थानला नवी नव्हती. शिंद्यांच्या बिरुदांत ‘आलिजाह बहादुर’ हे फारसी दागिने मोगलाईपासून होतेच. त्यात हा एक इंग्रजी. पण दागिना बिरुदात असतो तेव्हा तो काढून ठेवता येतो. इथे तो बारशालाच घातला.

कारुण्य असे, की ज्याचे नाव घेतले तोही नावाच्या बाबतीत निश्चिंत नव्हता. जर्मनीशी युद्ध चालू असताना घराण्याचे जर्मन नाव अवघड होऊन बसले, आणि जुलै 1917 मध्ये पंचम जॉर्जने ते टाकून ‘विंडसर’ हे नवे नाव घेतले. ग्वाल्हेरचा जॉर्ज तेव्हा एक वर्षाचा होता.

कवितेत एखादा शब्द कवीने एका कारणाने घातलेला असतो आणि रसिकाला तो दुसऱ्याच कारणाने भावतो. ‘जॉर्ज’चे तसेच आहे. हा शब्द मुळात ग्रीक. त्याचा अर्थ जमीन कसणारा, शेतकरी. साम्राज्याच्या सिंहासनावरून उसने आणलेले नाव उघडून पाहिले तर आत कुणबी निघतो! ज्या घराण्याचा सर्वांत मोठा पुरुष पाटील म्हणवून घेण्यात धन्यता मानत होता, त्याच घराण्यात हे नाव आले. योगायोगाची आणखी एक कडी आहे. महादजींचा समकालीन इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याला त्याची प्रजा ‘शेतकरी जॉर्ज’ म्हणून चिडवत असे. 1782 मध्ये ग्वाल्हेरजवळच्या सालबाईला मराठे आणि कंपनी यांच्यात तह घडवून आणला तो महादजींनी. एका बाजूला पाटील, दुसऱ्या बाजूला शेतकरी जॉर्ज. माधवरावांच्या मनात बारशाच्या वेळी यातले काही असेल असे मुळीच नाही. पण मजकूर कर्त्याच्या मनापेक्षा मोठा असतो, हे रसिकाला सांगायला नको.

आवाजाचीही गंमत पाहा. मराठीत ज दोन तऱ्हेचा: जोतिबातला दंत्य, जिवातला तालव्य. ‘जॉर्ज जिवाजी’ या जोडीत चार ज आहेत आणि चारही तालव्य. इंग्रजी डोळ्याला जॉर्ज आणि जिवाजी वेगळ्या अक्षरांनी सुरू होतात, देवनागरीत मात्र एकाच अक्षराने. परका शब्द अर्थाने नाही, निदान अनुप्रासाने तरी घरात सामावला.

तरी दोष सांगितल्याशिवाय रसग्रहण पुरे होत नाही. ‘जॉर्ज’ला ना जी लागतो ना राव. जॉर्जराव म्हणून पाहा, तमाशातल्या सोंगाड्याचे नाव वाटते. मराठी नावाला घडी घालता येते: जिवाजी, जिवबा, जिवा. मुलुखाप्रमाणे, नात्याप्रमाणे ते लहानमोठे होते. जॉर्ज ताठ उभा. ज्या नावाचे लाडके रूप होत नाही ते नाव भाषेत रुजत नाही.

त्या काळच्या ग्वाल्हेरच्या टपालात आणि खिशात दोन जॉर्जांचा पेच एकाच वेळी होता. संस्थानची तिकिटे म्हणजे हिंदुस्थान सरकारचीच तिकिटे, वरती इंग्रजीत आणि देवनागरीत ग्वाल्हेर असे छापलेले. तिकिटावर चेहरा इंग्लंडच्या जॉर्जचा. तांब्याचा पाव आणा मात्र संस्थानचा स्वतःचा, संवत 1986 म्हणजे 1929 सालचा: एका बाजूस पोरसवदा जिवाजीरावांचा चेहरा, दुसऱ्या बाजूस नागांचे राजचिन्ह. पत्र पाठवायचे तर एक जॉर्ज, भाजी घ्यायची तर दुसरा.

शेवटी कोण टिकले? शहराने निकाल दिलेला आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या पेठा ओळीने लावा: दौलतगंज, जनकगंज, जयेंद्रगंज, माधौगंज, जिवाजीगंज. गादीची वंशावळच. त्यातून जनकोजीचा ‘ओजी’ गळला, माधवचा माधौ झाला. लोकांनी प्रत्येक नावाला आपल्या जिभेचे वळण दिले. जॉर्जगंज मात्र कुठे नाही. 1964 मध्ये विद्यापीठ निघाले ते फक्त जिवाजींच्या नावाने. मुलींचे कॉलेज कमलाराजांच्या नावाने, त्यात मेरी नाही. 1946 चे मेडिकल कॉलेज जिवाजीरावांच्या आईच्या, गोव्याच्या राण्यांच्या लेकीच्या, गजराराजांच्या नावाने. काय सुगंधी नाव आहे! आणि व्हिक्टोरिया कॉलेज स्वातंत्र्यानंतर महाराणी लक्ष्मीबाई कॉलेज झाले. इंग्रजी नाव वरून आले होते, ते वरच्यांबरोबर गेले.

पण जिवाजी जिंकले असे म्हणताना हात आखडतो. ग्वाल्हेरचा विद्यार्थी विद्यापीठाला ‘जे.यू.’ म्हणतो, कमलाराजे कॉलेजला ‘के.आर.जी.’, जयारोग्य रुग्णालयाला ‘जे.ए.’, बंद पडलेल्या गिरणीला ‘जे.सी. मिल’. गुणपत्रिकेवर जीवाजी हे नाव हजारो घरांत जाते, फ्रेम करून भिंतीवर लागते, आणि त्यांतल्या एकाही घरात बारशाला आठवत नाही. आजचे आईबाप कोणाचे नसेल असे नाव शोधत पुस्तके पालथी घालतात. त्यांना हे सुचणार नाही, कारण हे त्यांना नाव वाटतच नाही, संस्था वाटते. नाव दुर्मिळ होण्याचे दोन रस्ते आहेत: कोणीच न घेणे आणि सगळ्यांनी घेणे. जॉर्ज पहिल्या रस्त्याने गेला, जिवाजी दुसऱ्या.

माझ्या मते यातून सुटका एकच. हे नाव पाटीवरून उतरवून पुन्हा एखाद्या पोराला द्यावे. शाळेत पोरे त्याला जिवा म्हणतील, आजी जिवबा म्हणेल, आणि ऱ्हस्व ‘जि’ पुन्हा आपल्या जागी येईल.