चालणाऱ्या बायका आणि उभे पुतळे

स्मारक ही एक संहिताच असते. कोणाचे नाव उंचावर कोरले, कोणाचे पायाशी आणि कोणाचे मुळीच नाही, यावरून ती वाचावी लागते. अमेरिकेतील माँटगमेरी शहरात नागरी हक्कांच्या लढ्याची स्मारके दाखवणारी पायी फेरी मी एका मार्गदर्शकाबरोबर केली, ती या दृष्टीने.

डेक्स्टर ॲव्हेन्यू हा रस्ता एक किलोमीटरचाही नाही. एका टोकाला कोर्ट स्क्वेअर. येथे माणसांचा लिलाव होत असे. येथेच १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स बसमध्ये चढल्या. दुसऱ्या टोकाला अलाबामाचे विधानभवन. गुलामगिरी टिकवण्यासाठी फुटून निघालेल्या राज्यांचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याने १८६१ मध्ये तेथे शपथ घेतली. तेथून जवळच मार्टिन ल्यूथर किंग यांचे चर्च. या फेरीत लिलावाची जागा लपवली जात नाही, हे तिचे श्रेय मान्य केलेच पाहिजे.

परंतु बसबहिष्काराची कथा आली की फेरीचा सूर बदलतो. एक थकलेली शिवणकाम करणारी स्त्री आणि एक ओजस्वी धर्मोपदेशक, एवढ्यावर ३८१ दिवसांचा लढा उरकला जातो. वस्तुतः रोझा पार्क्स या नागरी हक्क संघटनेच्या स्थानिक शाखेत १९४३ पासून चिटणीस होत्या. थकवा नव्हे, विचार त्या आसनावर बसला होता. त्यांच्या अटकेच्या रात्रीच जो ॲन रॉबिन्सन या महाविद्यालयीन प्राध्यापिकेने बहिष्काराची हजारो पत्रके चक्रमुद्रित केली. जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकिणीने अन्न शिजवून, विकून लढ्यासाठी पैसा उभा केला. किंग यांच्यावरील खटल्यात साक्ष दिल्यावर तिची नोकरी गेली.

पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कोल्व्हिनने तर नऊ महिने आधीच, २ मार्च १९५५ रोजी, आसन सोडण्यास नकार दिला होता. पण गरीब वस्तीतली ही मुलगी नेतृत्वाला लढ्याचा चेहरा म्हणून चालली नाही. बसमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या खटल्यात मात्र तीच वादी होती आणि तिच्यासह चौघीही स्त्रियाच होत्या. २०१९ मध्ये पार्क्स यांचा पुतळा उभारला गेला; या चौघींच्या वाट्याला शेजारचे ग्रॅनाइटचे चार दगड आले. त्यांच्यासमोर आमची फेरी क्षणभरही थांबली नाही. पीडितांतही ‘सभ्य’ कोण हे ठरवणारी प्रस्थापित दृष्टी अशी स्मारकांतूनही काम करते.

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथातून आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना त्यांचे नाव आणि शब्द मिळवून दिले. त्या जर केवळ स्मारकांवर विसंबल्या असत्या, तर हाती काय लागले असते?

त्या बहिष्काराचे हत्यारच मुळी चालणे हे होते. गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बायका पहाटे मैलोगणती चालत कामावर जात आणि संध्याकाळी तशाच परतत. त्यांच्या नावाची ही फेरी चर्चपासून विधानभवनापर्यंत चालते. कृष्णवर्णीय वस्तीपासून गोऱ्यांच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारापर्यंत चालत नाही. ती त्या वाटेने निघेल, तेव्हाच तिला पायी फेरी म्हणण्याचा अधिकार प्राप्त होईल.