शेवट नसलेली गोष्ट

दिवाळी अंकात टीकालेख म्हटला की वाचक एखाद्या कादंबरीची किंवा नाटकाची अपेक्षा करतात. मी आज ज्या प्रकाराविषयी लिहिणार आहे, तो मात्र आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात आहे. हा लेख अर्धा टाकून कोणी तिकडे वळले तरी मी रागावणार नाही. कारण तो लिहिताना मीच चार वेळा तिकडे वळलो आहे. मोबाइलवर अंगठ्याने वर सरकवत राहायचा तो पडदा, मग तो फेसबुकचा असो की इन्स्टाग्रामचा, वाङ्मय म्हणावा का, असे कोणी विचारील. पण जे माणसे रोज तासन्‌तास वाचतात आणि पाहतात, त्याला टीकाकाराने कसोटी लावू नये, हे काही मला पटत नाही.

प्रथम गुण सांगतो. वर्धा-नागपूर रस्त्यावरच्या आमच्या सेलूत बसून आजीला पुण्याच्या नातवाचे पहिले पाऊल दिसते. कापसाचा भाव गाडी भरण्यापूर्वीच कळतो. २०२० च्या साथीत शाळांची दारे बंद झाली, तेव्हा पुष्कळ मुलांची शाळा याच पडद्यावर भरली. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

आता दोष. कोणत्याही कलाकृतीला आरंभ, मध्य आणि शेवट असावा, ही कसोटी फार जुनी आहे. कीर्तनाला आरती असते, नाटकाला पडदा असतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आजतागायत प्रत्येक दिवाळी अंकाला शेवटचे पान आहे. या पडद्याला ते नाही. बरे, हे अनवधानाने झालेले नाही. पान संपले की पुढचे आपोआप यावे, ही युक्ती २००६ साली एझा रास्किन या अमेरिकन रचनाकाराने काढली. पुढे तिचा पश्चात्ताप त्यालाच झाला. २००९ साली फेसबुकवर पसंतीचा अंगठा आला. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने फार पूर्वी कबुतरांवर प्रयोग करून दाखविले होते की, दाणा केव्हा पडेल याचा नेम नसला म्हणजे पक्षी चोच मारणे सोडीत नाही. दहा चित्रे रटाळ निघतात, अकरावे मनाजोगते निघते. आणि आपला अंगठा चोचीसारखा चालू राहतो.

हे सारे मला ठाऊक होते. तरीही गेल्या दिवाळीत जे घडले ते घडलेच.

आमची मोठी आई पाडव्याच्या संध्याकाळी, गोठ्यात दिवा लावून झाल्यावर, हरवलेल्या गाईची गोष्ट सांगते. गाय नदी ओलांडते, रान ओलांडते, वाघाला वचन देते आणि शेवटी दिवेलागणीला घरी येते. ही गोष्ट आम्हां सर्वांना पाठ आहे. तिच्यातली गोडी पुढे काय होणार यात नाहीच. जे होणार हे ठाऊक आहे, त्याची एकत्र वाट पाहण्यात आहे. गेल्या वर्षी गाय रानात पोचली आणि मी खिशातून मोबाइल काढला. मघाशी अनारशांच्या ताटाचे छायाचित्र टाकले होते, ते कोणाला आवडले हे पाहायचे होते. मान वर केली तेव्हा ओसरीवर शांतता होती. मुलेही आपापल्या पडद्यांत गेली होती. मोठी आई म्हणाली, “तुह्यं होऊ दे बापा, मंग सांगीन.” आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते. ती उठून आत गेली आणि गाय रानातच राहिली.

यावर उपाय काय? सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ मध्ये एक उपाय काढला. रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, घरोघरचे दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद होतात, आणि साडेआठच्या भोंग्यानंतर ते पुन्हा सुरू करायचे, असा तो नेम. त्याच वर्षी आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशी गावाच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. टीकाकार म्हणून मला वडगावचा भोंगा अधिक सरस वाटतो. बांशीच्या ठरावात मोठी माणसे सुटतात. आणि आमच्या ओसरीवर मोबाइल आधी मुलांनी काढला नव्हता, मी काढला होता. भोंगा मात्र लहानथोर सर्वांना एकाच वेळी थांबवितो. सगळेच थांबल्यावर आपले काही हुकते आहे, ही हुरहुर उरत नाही. ज्या गोष्टीला लेखकाने शेवट दिला नाही, तिला वाचकांनी मिळून दिलेला तो शेवट आहे.

तथापि प्रत्येक घराला भोंगा लाभणार नाही. सेलूहून फार लांब नसलेल्या सेवाग्रामात, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या काळात बसविलेला दूरध्वनी जपून ठेवला आहे. ज्या माणसाशी बोलता यावे म्हणून राज्यकर्त्यांना कुटीपर्यंत तार ओढावी लागली, तो माणूस दर सोमवारी मौन पाळीत असे. यंत्र घरात असणे आणि आपण यंत्राच्या घरात असणे, यांतला फरक मला तेथे कळतो. आणि आश्रमाच्या फाटकाबाहेर पडताच, खिसा थरथरला की, तो विसरतो, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

यंदा पाडव्याला मी मोबाइल देवघराच्या कोनाड्यात ठेवून ओसरीवर जाणार आहे. मुलांना काही सांगणार नाही; सांगण्याचा अधिकार मी गमावला आहे. मोठ्या आईच्या पायाशी बसून एवढेच विचारीन, “मोठी आई, गाय घरी आली का?” ती सांगेल की नाही, कोण जाणे. पण या वेळी वाट पाहण्याची पाळी माझी आहे.