शेरवानीतला मुसलमान आणि मुखेडचा सलीम

‘निकाह’ (1982) पाहून आल्यावर माझ्या वर्गमित्राच्या आईने मला विचारले होते, “तुमच्या घरीसुद्धा असंच गोड उर्दू बोलतात का रे?” मी ‘हो’ म्हणालो. ते खोटे होते. मुखेडच्या आमच्या घरात दखनी चालायची. अम्मी ‘हौ’, ‘नक्को’ म्हणायची आणि शेजारणीशी मराठीत भांडायची. पण पडद्यावरचा मुसलमान मलाच माझ्यापेक्षा खरा वाटत होता.

साच्याची ताकद ती हीच. ‘मुस्लिम सोशल’ म्हटले की लखनौ, हवेली, मुशायरा, शेरवानी आलीच. ‘चौदहवीं का चाँद’ (1960) आणि ‘मेरे मेहबूब’ (1963) या चित्रपटांत बुरखा ही कथानकाची किल्ली आहे; चेहरा झाकलेला, म्हणून गैरसमज आणि म्हणूनच गोष्ट. त्या नजाकतीवर आपणही भाळलो. पण या हवेलीत पिंजारी, बागवान, तांबोळी यांना जागा नव्हती. ‘गर्म हवा’ने (1974) हवेलीच हातची जाताना दाखवली, भाड्याच्या घरासाठी वणवण करणारा सलीम मिर्झा दाखवला. असे चित्रपट मात्र विरळाच.

पुढे साचा मोडला नाही, उलटला. ‘सरफरोश’मध्ये (1999) तीच गझल, तीच तहजीब, पण गायक गुलफाम हसन पाकिस्तानचा हस्तक निघतो. समोर इन्स्पेक्टर सलीम आहे. तो प्रामाणिक आहे, मात्र तो प्रामाणिकपणा त्याला सतत सिद्ध करावा लागतो. नवाब, अतिरेकी किंवा निष्ठेची परीक्षा देणारा, याखेरीज चौथी भूमिका प्रेक्षकालाही सुचेनाशी झाली.

म्हणून नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मधला (2016) सल्या मला मोलाचा वाटतो. सलीम शेख हे त्याचे नाव. तो करमाळ्याकडचीच मराठी बोलतो, मित्राच्या प्रेमासाठी धावतो, मार खातो. त्याच्या धर्मावर कथेचे काहीच अडत नाही. ‘नायकाचा जिवलग मित्र’ हाही साचाच, हे खरे. कथा हैदराबादला गेल्यावर सल्या मागे पडतो. तरीही त्या जुन्या साच्यात एक ओळखीचा पोरगा पहिल्यांदा शिरला.

साचे वाईट नसतात. त्यांच्याशिवाय गोष्ट सांगता येत नाही. प्रश्न एवढाच, की त्यात कोणाला बसवायचे हे ठरवतो कोण? आज कुणी मला तोच प्रश्न विचारला, तर मी अम्मीच्या बोलीत उत्तर देईन. पण त्या बोलीत बोलणारा नायक पाहायला आपण तिकीट काढणार आहोत का?