टेलरचे फावडे आणि मेढ्याची लावणी

यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पोलादाचा थकवा शिकवतात. एखादा दांडा लाखो वेळा वाकवला तर तो कुठे तडकेल, याचे आलेख त्याला काढावे लागतात. माणसाच्या थकव्याची वेळ येते ती ‘कार्य-अभ्यास’ या प्रकरणात. त्याचा एक मोठा उगम फ्रेडरिक टेलर यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वे’ या लहानशा पुस्तकात आहे. टेलर स्वतः यंत्र अभियंते होते. बारावीनंतर अभियांत्रिकीकडे जाणाऱ्या मुलांनी हे पुस्तक मुळातून वाचावे, पण हिशेबाची वही शेजारी ठेवून.

पुस्तकातला उत्तम भाग फावड्याचा. बेथलेहेम पोलाद कारखान्यात मजूर एकाच फावड्याने खनिजही उचलत आणि बारीक कोळसाही. खनिज भरले की फावड्यात सुमारे ३० पौंड, कोळसा भरला की ४ पौंडांहूनही कमी! टेलरने वेगवेगळी वजने देऊन पाहिले. दर खेपेला सुमारे २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलो, उचलल्यास दिवसाचे काम सर्वांत जास्त होते, असे त्याला आढळले. मग जड मालासाठी लहान आणि हलक्या मालासाठी मोठी फावडी आली. अवजार माणसाच्या ताकदीला बेतायचे, हा अर्गोनॉमिक्सचा पहिलाच धडा होय.

कच्च्या लोखंडाच्या ठोकळ्यांची गोष्ट अधिक प्रसिद्ध आहे आणि अधिक अडचणीची. ९२ पौंडांचा एक ठोकळा. एक माणूस दिवसाला साडेबारा टन वाहत होता, तो साडेसत्तेचाळीस टन वाहू लागला. टन २,२४० पौंडांचा धरला तर हे ११५६ ठोकळे झाले. दहा तासांत दर ठोकळ्याला ३१ सेकंद. त्यांतली ओझ्याखालची सेकंदे फक्त १३, कारण दिवसाचा ५७ टक्के वेळ हात मोकळे हवेत, असा टेलरचाच नियम आहे. खरा शोध हा विश्रांतीचा आहे. मजुरी किती वाढली? १.१५ डॉलरवरून १.८५. काम जवळजवळ चौपट, मजुरी दीडपटीहून थोडी जास्त. शिवाय आठांपैकी एकालाच हे झेपे, असे टेलरच सांगतो. पुढे १९७४ साली दोन संशोधकांनी जुनी कागदपत्रे तपासून ही गोष्ट बरीच रंगवलेली असल्याचे दाखवले.

त्या मजुराला टेलर बैलाच्या बुद्धीचा ठरवतो. पण तोच मजूर सकाळ-संध्याकाळ स्वतःचे घर बांधत होता, हेही टेलरनेच लिहिले आहे! घराच्या भिंती आखणाऱ्याला स्वतःच्या कामाची आखणी जमणार नाही, हे टेलरने ठरवले कशावरून? पुस्तकाचा दोष मोजमापात नाही, या गृहीतात आहे.

दुसरे गृहीत टोळीबद्दल. टोळीत माणूस ढिला पडतो, म्हणून बेथलेहेममध्ये परवानगीशिवाय चारांहून अधिक जणांना एकत्र काम देत नसत. हे विधान जावळी तालुक्यात मेढ्याच्या आसपासच्या भातखाचरांत तपासून पाहावे. लावणी पैऱ्याने होते तिथे आज तुमचे खाचर, उद्या आमचे. बायका ओळीने मागे सरकतात, ओळच वेग ठरवते, मागे पडलेलीला शेजारीण सांभाळून घेते. चिखल तयार असताना लावणी उरकायची असते आणि ती टोळीनेच उरकते. वाकलेल्या पाठीला झाकून दोन्ही हात मोकळे ठेवणारे इरलेही काम करणाऱ्यांनीच घडवलेले.

मात्र पैऱ्याने कंबर वाचत नाही, हेही सांगायला हवे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या दातेरी वैभव विळ्याने कापणी सोपी केली, वरचेवर धार लावणे टळले. पण खोडकिडीसाठी भात जमिनीलगत कापा, असा सल्ला असतो. किडीचा बंदोबस्त होतो आणि पाठ आणखी वाकते. टेलरच्या घड्याळाचा इथे उपयोग आहे.

शाळेला करता येण्याजोगे काम सोपे आहे. लावणीच्या पहिल्या व शेवटच्या तासात मिनिटाला किती चूड लावले जातात, किती वेळा कंबर सरळ केली जाते, हे मुलांनी बांधावरून मोजावे. त्याआधी लावणाऱ्या बायकांची परवानगी घ्यावी, कुठे दुखते ते त्यांनाच विचारावे, आणि आकडे प्रथम त्यांना दाखवावेत.